डोसाची पट्टी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पेशंट मला मागून ‘फौजदारीण’ म्हणायचे, हेही मला ठाऊक होतं. नाव पुतळाबाई, माहेर शेलार गावचं, नोकरी कामतघर या कारखान्यांच्या गावात, एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्सची. सत्याहत्तर साली मला तिथे लागून अकरा वर्षं झाली होती. इंजेक्शनं देणं, जखमा बांधणं, बाळंतिणींच्या घरी जाणं, आणि मोरू कंपाउंडर रजेवर गेला की खिडकीत बसून औषधं देणं, हे सगळं मीच करायचे. डॉक्टर टिपणीस सकाळी दोन-तीन तास यायचे. बाकीचा कारभार माझा आणि मोरूचा.

त्या काळी औषध म्हणजे मिक्श्चर. पेशंटने घरून बाटली आणायची, रॉकेलची सोडून कुठलीही. तीत मोरू मिक्श्चर भरायचा आणि बाटलीच्या अंगाला कागदाची उभी पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या कडेला खाचा कातरलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळायचं, आज इथपर्यंत प्यायचं. दुपारी जरा सवड मिळाली की मी जुन्या कागदांच्या शंभर-दीडशे पट्ट्या कातरून ठेवायचे. टाके काढायची एक वाकडी कात्री होती, तिनेच. त्यामुळे आमच्या खाचा अर्धगोल पडायच्या, नखाने उमटवल्यासारख्या. गावात दुसऱ्या कोणाच्याच खाचा तशा नव्हत्या.

केसरीनाथ माझा पाठचा भाऊ. कामतघरातच एका कारखान्यात तो चार लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवायचा. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची, बारा-बारा तासांची. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, आणि त्याच दिवशी शिफ्ट पलटायची. आता माणसाच्या डोळ्यांना काय कळणार, आज झोपायचं की जागायचं? त्यात त्याची खोली अशी की भिंतीपलीकडे दुसऱ्या शेठचे लूम. दिवसा आडवा झाला की फळीवरची भांडीसुद्धा थरथरायची. पण घरात त्याचं भारी कौतुक. कारखान्यातले निम्मे लोक हातभट्टीवर जायचे, आणि आमच्या केसरीने दारूला कधी बोट लावलं नव्हतं. आमची आई, आम्ही तिला आक्का म्हणतो, नळावर बायकांना ऐकवायची, “माझा पोर दारू न्हाय पीत. दवा पितो.”

मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याला पहिल्यांदा रात्रीची शिफ्ट लागली तेव्हा तो आमच्या खिडकीत आला होता, डोळे लालभडक. “बाय, मना झोपच न्हाय येत,” म्हणाला. डॉक्टर अजून आले नव्हते. मीच त्याला झोपेचं मिक्श्चर आठवडाभराचं भरून दिलं. मोरूला बजावलं, “हा माझा भाऊ. पुन्हा आला तर लाइनीत ताटकळत ठेवू नकोस हं.” मग मी ते विसरूनही गेले. बहिणीच्या नोकरीचा भावाला एवढा तरी उपयोग नको का?

मार्गशीर्षात एका बुधवारी दुपारी कमळा, माझी भावजय, अनवाणी पळत दवाखान्यात आली. “वन्सं, ते उठतच न्हाईत!” मी तशीच निघाले. केसरीनाथ सकाळी सातला शिफ्ट संपवून आला होता, दवा पिऊन झोपला होता, आणि आता तीन वाजले होते. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तोंडावर तांब्या ओतला. शेवटी रागाने कान पिरगाळला. काही नाही. श्वास इतका सावकाश की पुढचा येतो की नाही म्हणून माझाच अडकायचा. ओठ निळे पडले होते. कारखान्याच्या शेठने टेम्पो दिला, त्यात घालून आम्ही त्याला ठाण्याला नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने डोळे उघडले. तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, “किती ठिकाणचं औषध घेतो हा? पुढच्या वेळी इथवर पोचायचाच नाही.”

किती ठिकाणचं म्हणजे? मी परत येऊन त्याची खोली उलटीपालटी केली. आक्का ओरडत होती, कमळा रडत होती. तांदळाच्या पिंपामागे तीन बाटल्या निघाल्या. एकीवरच्या पट्टीला टोकदार खाचा, एकीला सरळ चिरा, आणि तिसरीवर हिरव्या कागदाची हाताने फाडलेली पट्टी. नाकाला लावून बघितलं, तिन्ही झोपेचीच. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या बाकीच्या तिन्ही दवाखान्यांत काही ना काही निमित्त काढून गेले आणि प्रत्येक ठिकाणची एकेक कोरी पट्टी उचलून आणली. टोकदार खाचा उत्तरेकडून आलेल्या मजुरांच्या चाळीतल्या मिश्रा डॉक्टरांच्या. सरळ चिरा बाजारातल्या डॉक्टर पाटकरांच्या. हिरवा कागद हकीम शमसुद्दीन यांचा.

मग मी एकेकाशी भांडायला गेले. मिश्रा डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, हम तो एक औंस देते हैं. एक औंस से कोई मरता है क्या?” पाटकर म्हणाले, “माझा डोस पुस्तकात आहे तेवढाच आहे, बघायचं असेल तर दाखवतो.” हकीमसाहेबांचं खसखशीच्या बोंडांचं शरबत. ते शांतपणे म्हणाले, “ये शरबत मेरे वालिद भी देते थे, बहन. आज तक किसी ने शिकायत नहीं की.” मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तिघंही खोटं बोलत नव्हते. एकेकाचा डोस घेऊन कोणी मेलं नसतं. केसरीनाथ तिघांचे घेत होता, आणि एकाच्या हातचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

मी टिपणीस डॉक्टरांना म्हटलं, “या तिघांना एका ठिकाणी बसवायचं. तुम्ही पुढे व्हा.” ते हसले. “पुतळाबाई, पाटकर मिश्राला डॉक्टर मानत नाहीत. मिश्रा हकिमांना मानत नाहीत. आणि हकीमसाहेब आजवर कोणाच्या दवाखान्याची पायरी चढलेले नाहीत. कोण येणार?”

“येतील. न येऊन सांगतात कुणाला?”

मी सरळ खोटं बोलले. मिश्रांना सांगितलं, पाटकर तयार आहेत, तुम्हीच राहिलात. पाटकरांना सांगितलं, मिश्रा तयार आहेत, आता एमबीबीएस माणूस मागे राहिला तर गावात बरं दिसेल का? हकीमसाहेबांपुढे मात्र खोटं बोलवेना. त्यांना म्हटलं, “भाऊ मरता मरता वाचला. तुम्ही आलात तर बाकीचेही येतील.” ते म्हणाले, “आ जाऊँगा. लेकिन किसी के दवाखाने में नहीं.”

जागेवरून आठवडा गेला. जो तो म्हणे माझ्याकडे या. शेवटी मला कारखाना सुचला, केसरीनाथचाच. शुक्रवारी लूम बंद, नमाजनंतर हकीमसाहेब मोकळे, आणि जागा कुठल्याच डॉक्टरची नाही. केसरीनाथ चालत्या लूमवर पडला असता तर काय झालं असतं, या विचाराने शेठचीही झोप उडाली होती. तो लगेच हो म्हणाला, वर चहा माझ्याकडून म्हणाला. शुक्रवार हाच मजुरांचा दवाखान्यात जायचा दिवस, म्हणून तिन्ही डॉक्टरांनी कुरकुर केली. पण आले. मला अजून खरं वाटत नाही, पण आले.

बंद लूमची शेड फार चमत्कारिक वाटते. एरवी माणसाला कानात ओरडून सांगावं लागतं, आणि त्या दिवशी कपबशीचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. डॉक्टरलोक रिकाम्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या जाड रुळांवर, बसले, एकमेकांपासून जेवढं लांब बसता येईल तेवढे लांब. टिपणीस मध्ये. केसरीनाथ आपल्या लूमला टेकून उभा होता, पंधरा दिवसांत पार वाळलेला, मान खाली. मी कोणी सांगूनही बसले नाही. एकेकासमोर त्याची त्याची बाटली ठेवली आणि शेजारी त्याच्या दवाखान्यातून आणलेली पट्टी. टोकदारशी टोकदार, सरळशी सरळ, हिरव्याशी हिरवा.

“ओळखा आपापल्या कात्र्या,” मी म्हणाले.

खरं सांगते, मला तेव्हा चढल्यासारखंच झालं होतं. मग मी जे सुरू केलं ते काही विचारू नका. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला एवढं कळत नाही? आलेल्या माणसाला ‘आणखी कुठलं घेतोस का’ हे एक वाक्य विचारायला जीभ झिजते का? पाच मिनिटं मी त्यांना धारेवर धरलं. टिपणीस खाकरत होते, मी तिकडे बघितलंच नाही. आणि वर मीच म्हणाले, “आमच्या दवाखान्यात केसपेपरशिवाय थेंब मिळत नाही. तिथे असं होऊच शकत नाही!”

पाटकर उठले. “बाई, आम्हाला चौकशीला बोलावलंय का इथे? मी चाललो.” मिश्राही उठले, “हाँ, हम कोई चोर हैं क्या?” आणि तरातरा निघाले. लूमच्या दोन रांगांमधली वाट अरुंद. सुताच्या कांड्या ठेवायची लाकडी पेटी त्यांच्या पायात आली, त्यांनी ती रागाने बाजूला सरकवली, तर आत काच वाजली. मिश्रा वाकले. कांड्यांखालून त्यांनी एक बाटली बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पाव भरलेली. त्यांनी पट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“ये गोल-गोल कटिंग किसकी है, सिस्टर?”

ती पेटी केसरीनाथच्या लूमची होती. खाचा अर्धगोल होत्या.

मला आधी कळेचना. मी भावाला विचारलं, “ही कुठून आणलीस रे?” त्याने मान वर केली नाही. “तुमच्याच खिडकीतून. मोरू देतो.”

“कधी दिली?”

“दर शुक्रवारी देतो. तू भायेर गेलीस की.”

“आणि केसपेपर?”

“तूच सांगितलेलंस ना बाय त्याला, लायनीत उभा करू नको म्हनून.”

दोन वर्षं. दर शुक्रवारी. मोरू बिचारा माझ्या शब्दाला जागला होता. माझ्या भावाला बाजूच्या दाराने घेत होता, बाटली भरत होता, आणि मी दुपारी बसून कातरलेल्या पट्ट्यांतली एक वर चिकटवत होता. या तिघांच्याही आधीची पहिली बाटली माझी होती, आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि भीतीही तितकीच वाटली, की मीच याला मारत होते. आता तिघं मला फाडून खातील, आणि खावंच, असं मनात आलं.

“माझी,” मी म्हणाले. “ही माझी कात्री आहे.”

दारापर्यंत पोचलेले पाटकर तिथेच थांबले होते. हकीमसाहेब बीमवर जरा बाजूला सरकले आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाले, “बैठिए, बहन. आप कब से खड़ी हैं.”

मी बसले. मग पाटकर परत येऊन बसले, मग मिश्रा. या वेळी जवळ बसले, कारण चारही बाटल्या एकाच ठिकाणी मांडायच्या होत्या. पाटकरांनी सिगारेटचं पाकीट फाडून त्याच्या मागे लिहायला घेतलं. तुमच्यात काय, किती? तुमच्यात? हकीमसाहेबांना शरबताचं माप औंसात सांगता येईना, तर मिश्रांनी चमच्यांवरून काढून दिलं. सगळं लिहून झाल्यावर पाटकरांनी चष्मा काढला. “हा माणूस जिवंत कसा आहे?” असं ते केसरीनाथकडे बघून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मघाचा ताठा नव्हता. मिश्रा हळूच म्हणाले, “मेरे पास ऐसे और भी आते हैं.” “मेरे पास भी,” हकीमसाहेब म्हणाले. आठवून आठवून नावं काढली तर या एका गल्लीतली अकरा निघाली, त्यातली सात तिघांकडेही जाणारी.

त्या दिवशी ठरलं ते एवढंच. झोपेचं औषध एकाच ठिकाणी मिळेल, आमच्या खिडकीत, टिपणीसांच्या सहीच्या केसपेपरवर. एकदम बंद केलं तर फेफरं येईल, म्हणून दर आठवड्याला एक खाच कमी करायची. बाकी तिघांनी थेंब द्यायचा नाही, हाताला धरून आमच्याकडे पाठवायचं. शेठने केसरीनाथला तीन महिने दिवसाच्याच शिफ्टला ठेवायचं. शेठ म्हणाला, “उद्या सगळेच मागतील.” पाटकर म्हणाले, “मग सगळ्यांना द्या.” शेठने कपबशा गोळा केल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा इथेच भेटायचं म्हणून मंडळी उठली.

मोरूला मी एवढंच सांगितलं, “केसरीनाथ आला तर लाइनीत.” त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्याची बाटली भरून घ्यायला मंगळवारी तो आला, जेवणाच्या सुट्टीत. चार दिवस डोळ्याला डोळा नव्हता. हात इतके कापत होते की बाटली दोन्ही हातांनी धरली होती. खिडकीसमोर वीसेक माणसं होती. तो पूर्वीसारखा बाजूच्या दाराने आला. मोरू रजेवर होता, मीच होते.

“बाय, मना येकच खाच जास्ती दे. येकच. पाया पडतो.”

आणि तो खरोखर वाकला. माझा पाठचा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन शेलारच्या शेतात फिरवलंय, माझ्या पायाशी वाकला. माझ्या मागे फळीवर मिक्श्चरची मोठी बरणी होती. एक खाच म्हणजे एक औंस. कोणाला कळलं असतं?

“लाइनीत उभा राहा, केसरी,” मी म्हणाले.

“तू माझी बहीण हाय का कोन हाय?”

“लाइनीत.”

त्याने मला आईवरून शिवी दिली, आपल्याच आईवरून, आणि निघून गेला. लाइनीतले सगळे ऐकत होते. मी पुढच्या बाईचं औषध भरायला घेतलं आणि अर्धं बाहेर सांडलं. तो कुठे गेला असेल ते मला ठाऊक होतं. मिश्रांकडे, मग पाटकरांकडे, मग हकिमांकडे. शेडमध्ये चहा पिताना दिलेला शब्द आणि समोर थरथरत उभा असलेला पेशंट यांत फरक असतो, हे मी अकरा वर्षं बघत आले होते. तिघांपैकी एकाने जरी दया केली असती तरी संपलं होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी एकेका डॉक्टरचं नाव घेत बसले.

तासाभराने लाइनीत एकदम कुजबुज झाली. मी खिडकीतून बघितलं. हकीम शमसुद्दीन आमच्या पायऱ्या चढत होते. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात केसरीनाथचं मनगट. लोक वाट द्यायला लागले, “आइए हकीमसाब, आगे आइए.” त्यांनी मान हलवली. केसरीनाथला घेऊन ते सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले. उन्हात. मी आतून खुर्ची पाठवली, ती त्यांनी एका गरोदर बाईला दिली. मागून मला कळलं, मिश्रांनी त्याला पाटकरांकडे जाऊ दिलं नव्हतं, स्वतः वाटेत आडवे उभे राहून अडवलं होतं. तो तसाच निसटून हकिमांकडे गेला, आणि हकीमसाहेब दवाखाना उघडा टाकून त्याच्याबरोबर चालत निघाले.

चौदा माणसं त्यांच्यापुढे होती. मी एकालाही घाईने उरकलं नाही. मी रडत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं, दिसेना का.

त्याची पाळी आली. “केसपेपर?” मी म्हणाले. त्याने दिला. मी बाटली भरली, पट्टी चिकटवली आणि पुढे सरकवली. त्याने अंगठा एकेका खाचेवर ठेवत वरून खालपर्यंत मोजलं.

“येक कमी हाय,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले. “पट्टी मीच कातरलीय.”

त्याने बूच घट्ट दाबलं. मग बाटली काखेत धरून हकीमसाहेबांबरोबर पायऱ्या उतरला, आणि मी पुढच्याचा केसपेपर घेतला.